पदकाची मागची बाजू (१६व्या शतकातले मीनाकामाचे युरोपी दागिने)

परसदारची_चिऊ | शनिवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. चार वर्षं इथे नुसती वाचत बसलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आज लंडनला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात गेलो होतो. नवऱ्याला आणि लेकाला कॅफेत बसवलं, "वीस मिनिटांत येते" म्हणून दागिन्यांच्या दालनात शिरले आणि अडीच तासांनी बाहेर आले. घरी येईपर्यंत कुणी माझ्याशी बोललं नाही, ते जाऊ दे.

तर तिथे १६व्या शतकातली पदकं आहेत. साखळीला किंवा फितीला अडकवून गळ्यात घालायची. सोनं, त्यावर रंगीत मीनाकाम, मधे हिरे-माणकं, खाली लोंबता मोती. इथवर ठीक. पण विषय बघाल तर! एक आहे चक्क शवपेटी. बोटाएवढी, सोन्याची. वर काळ्या मिन्यात नाजूक वेलबुट्टी आणि आत पांढऱ्या मिन्याचा सांगाडा पहुडलेला, बरगड्यांसकट. कडेने जुन्या इंग्रजीत कोरलंय की ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाने आपण सगळे पावन झालो आहोत. डेव्हनमधल्या टॉर ॲबी नावाच्या जुन्या मठाच्या जागी सापडली म्हणून तिला टॉर ॲबी ज्वेल म्हणतात. काळ साधारण १५४० ते १५५०.

आईला फोटो पाठवला. तिचं उत्तर: "शुभ बोल गं. आणि हे गळ्यात कोण घालतं?"

मलाही तेच विचारायचंय. कोण घालायचं, कशासाठी, आणि जहाजं, पक्षी, पाली, सांगाडे ह्यांचं नक्की काय चाललं होतं? जाणकारांनी लिहा.

टवाळ_टिकोजी | शनिवार, रात्री १०:५१

पहिल्या प्रतिसादाचा मान आमचा. बायकोला वाढदिवसाला असलं पदक दिलं, तर आतल्या जागेवर मी जाईन.

नुसतीच_वाचक | शनिवार, रात्री ११:०५

फोटो टाका ना प्लीज.

परसदारची_चिऊ | शनिवार, रात्री ११:२०

टाकायचा प्रयत्न केला, चढत नाहीयेत. तसेही काचेवर माझंच तोंड जास्त आलंय.

आजोबांचा_चष्मा | रविवार, सकाळी ६:३५

चिऊताई, छान विषय काढलात. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालोय, त्यामुळे जरा लांबण लागेल.

ही पदकं नुसती बघायची नव्हती, वाचायची होती. १५३१ साली आउग्सबुर्गला आंद्रेआ अल्चाती नावाच्या इटालियन कायदेपंडिताचं एक पुस्तक छापलं गेलं. पानावर एक बोधवाक्य, एक चित्र, खाली चार ओळी कविता. तिन्ही जुळवल्या की अर्थ लागायचा. युरोपातल्या शिकल्यासवरल्या लोकांना या कोड्यांचं वेडच लागलं. पुढची शंभर वर्षं अशी पुस्तकं निघत राहिली आणि सोनारांना आयते नमुने मिळाले. दरबारात एखाद्याच्या छातीवरचं पदक पाहून त्याच्या मनात काय आहे ते ओळखायचं, हा खेळच होता.

पेलिकन पक्षी घ्या. हा पक्षी चोचीने आपली छाती फोडून पिल्लांना रक्त पाजतो अशी तेव्हाची समजूत. म्हणून तो ख्रिस्ताच्या बलिदानाचं चिन्ह. आता राणी पहिल्या एलिझाबेथचं साधारण १५७५चं चित्र लिव्हरपूलच्या वॉकर गॅलरीत आहे, त्यात तिच्या छातीवर पेलिकनचं पदक आहे. म्हणजे बाईसाहेब सांगताहेत, मी प्रजेला स्वतःच्या रक्तावर पोसते. त्याच सुमाराच्या दुसऱ्या चित्रात तिथेच फिनिक्स आहे. फिनिक्स जगात एका वेळी एकच, त्याला जोडीदार लागत नाही, राखेतून आपला आपण जन्मतो. लग्न न केलेल्या राणीला याहून सोयीचा पक्षी कुठला?

तुमची "पाल" म्हणजे बहुधा सॅलमँडर. ती आगीत जळत नाही, उलट आग विझवते असं मानत. फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा याचं तर ते राजचिन्हच. पण मला आठवते ती बेलफास्टच्या अल्स्टर संग्रहालयातली. १५८८ च्या ऑक्टोबरात स्पॅनिश आरमारातलं हिरोना हे जहाज आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्यावर खडकांवर आपटून फुटलं. वर तेराशेच्या आसपास माणसं, त्यांतली नऊ वाचली. १९६७-६८ मध्ये बेल्जियन पाणबुड्या रोबेर स्तेन्वी याने त्या जागी बुड्या मारल्या, तेव्हा हे पदक वर आलं. सोन्याची, पंख असलेली सॅलमँडर, पाठीवर ओळीने माणकं बसवलेली. लाकडी जहाजावर आगीइतकी भीती दुसऱ्या कशाची नसते, म्हणून कुणीतरी ती गळ्यात घातली असणार. आगीपासून तिने वाचवलं म्हणा. पाण्याचं कुणी तिला सांगितलं नव्हतं.

त्याच जहाजातून एक अंगठीही मिळाली. तिच्यावर एका हाताने धरलेलं बदाम आणि स्पॅनिशमध्ये एवढंच, "तुला द्यायला याहून अधिक माझ्याजवळ काही नाही."

नुसतीच_वाचक | रविवार, सकाळी ८:१०

अंगठीपाशी थबकले.

शंकासुर | रविवार, सकाळी ९:४८

प्रतिसाद माहितीपूर्ण, पण "वाचायची होती" हे जरा अती नाही का? श्रीमंतांना दागिना हवा, सोनाराला नग खपवायचा. मधे मासा आला काय आणि पोपट आला काय. आमच्या आजीच्या कोल्हापुरी साजात मासा, कासव, चंद्र, भुंगा सगळं होतं. तिला विचारलं कशाचा अर्थ काय, तर म्हणाली, "आईने घातला, मी घातला."

आजोबांचा_चष्मा | रविवार, सकाळी १०:३०

शंकासुरजी, आजींचं बरोबर आहे. सगळी पदकं कोडी नव्हती. स्पेनमध्ये पोपट, कुत्रे असली पदकं चिकार झाली आणि त्यांतली कितीतरी निव्वळ हौसेची. पण काही अशी आहेत की अर्थ काढल्याशिवाय त्यांच्याकडे बघताच येत नाही. लेनॉक्स ज्वेल बघा, त्यावर दुपारी सविस्तर लिहितो. आता नातवाला क्लासला सोडायचंय.

सराफकट्टा | रविवार, दुपारी १२:१५

राम राम. मी कोल्हापूरचा, गुजरीत आमचं दुकान आहे. अर्थ-बिर्थ आजोबांवर सोडतो, मी हाताचं सांगतो.

मीना म्हणजे काच. काचेची पूड धुऊन, पाण्यात भिजवून धातूवर लावायची आणि भट्टीत साधारण ७०० ते ८५० अंशांवर वितळवायची. कोबाल्टने निळा येतो, तांब्याने हिरवा, कथिलाच्या भस्माने दुधी पांढरा. सोनं चांगल्या कसाचं पाहिजे. तांबं जास्त मिसळलेलं असेल तर भट्टीत काळं पडतं आणि वरचा रंग मरतो.

सपाट पत्र्यात कोरून खड्डे केले आणि त्यांत पूड भरली, हे त्यातल्या त्यात सोपं. पण सांगाडा, पेलिकन, पाल ही सगळी चहूबाजूंनी गोल. गोल अंगावर ओली पूड थांबत नाही, ओघळते. म्हणून आधी सोनं ओरखडून खरबरीत करायचं, मग पातळ थर, मग भट्टी, परत थर, परत भट्टी. ज्याला जास्त आच लागते तो रंग आधी, कमी आचेचा शेवटी. दर खेपेला जीव मुठीत, कारण आधीचा रंग फुटू शकतो नाहीतर झाळलेला सांधा सुटू शकतो. बोटाएवढ्या पेलिकनला पाच रंग असतील तर किती वेळा भट्टीत गेला असेल याचा अंदाज करा.

आता मुद्द्याचं. खडे आणि मोती भट्टीत घालता येत नाहीत, मोती तर जळूनच जाईल. म्हणून मीनाकाम पुरं झाल्यावर कोंदणं बसवायची. ती मागून खिळीने नाहीतर बारीक आट्याने पक्की करतात. म्हणजे पदक कसं जुळवलंय ते पुढून कळत नाही, मागून कळतं. आमचे आजोबा कुठलाही नग हातात आला की आधी उलटा करायचे. म्हणायचे, पुढची बाजू गिऱ्हाइकाची, मागची आपली.

चिऊताई, तुम्ही मागची बाजू पाहिलीत का?

परसदारची_चिऊ | रविवार, दुपारी १२:४०

दादा, नाही हो! सुचलंच नाही. पण तुम्ही म्हटल्यावर आठवलं, आर्माडा ज्वेल नावाचं एक होतं, ते उघडं मांडलंय. साधारण १५९५चं. त्याच्या दर्शनी बाजूला एलिझाबेथ राणीचा सोन्याचा मुखवटा, एका बाजूने दिसणारा, निळ्या मिन्यावर. मागच्या झाकणावर वादळी समुद्रात नोहाची नौका, तिच्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय की खवळलेल्या लाटांतूनही ती शांत. पाटीवर म्हटलंय की ती नौका म्हणजे इंग्लंडचं चर्च. हे झालं बाहेरचं. झाकण उघडलं की आत निकोलस हिलियर्डने काढलेलं राणीचं इवलंसं चित्र आणि झाकणाच्या आतल्या अंगाला ट्यूडर गुलाब, म्हणजे तिच्या घराण्याचं चिन्ह. गुलाबाभोवतीची ओळ मात्र अगदी उलट सुराची आहे: अरेरे, इतक्या सौंदर्यात न्हालेला सद्गुण चिरकाल अभंग का राहत नाही.

म्हणजे जगाला दाखवायला "राणी अढळ आहे" आणि आत, घालणाऱ्यापुरतं, "ही पण जाणार". हे मी तेव्हा वाचलं होतं, पण आत-बाहेर असा फरक डोक्यात आला नव्हता.

आजोबांचा_चष्मा | रविवार, दुपारी ३:२०

सराफकट्टा यांनी अगदी वर्मावर बोट ठेवलंय. १५५२ ते १५५५ या काळात हान्स मीलिख या चित्रकाराने बव्हेरियाचा ड्यूक पाचवा आल्ब्रेश्त आणि त्याची बायको आना यांच्या दागिन्यांची रंगीत वही रंगवली. ती आज म्युनिकला आहे. त्यात बऱ्याच पदकांच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही बाजू काढल्या आहेत. मागचं काम बिनमहत्त्वाचं असतं तर चित्रकाराने ते रंगवायला इतका वेळ घालवला नसता.

आता लेनॉक्स ज्वेल. मार्गारेट डग्लस, लेनॉक्सची काउंटेस. आठव्या हेन्रीची भाची. हिचा मुलगा डार्नली, म्हणजे स्कॉटलंडच्या मेरी राणीचा नवरा, १५६७ मध्ये मारला गेला. नवरा मॅथ्यू स्ट्युअर्ट १५७१ मध्ये मारला गेला. स्वतः तीनदा कैदेत पडलेली. सगळी आशा नातवावर, स्कॉटलंडचा बालराजा जेम्स याच्यावर. नवऱ्याच्या आठवणीत या बाईने जे पदक घडवलं असं मानतात, ते बदामाच्या आकाराचं आहे. मधे निळ्या काचेचं पंखवालं बदाम, वर मुकुट. तळहातात मावेल एवढ्या वस्तूवर २८ चिन्हं आणि सहा लेख! मुकुट उघडतो, आत दोन बदामं एकत्र बांधलेली. मुख्य बदामही उघडतं, त्याच्या आत आणखी चित्रं.

आणि मागे काय आहे? सूर्य, चंद्र, तारे, आगीतली सॅलमँडर, पेलिकन, फिनिक्स. म्हणजे सगळा शब्दकोशच पाठीवर. पुढच्या बाजूच्या कडेने स्कॉट्स भाषेत लिहिलंय, त्याचा भावार्थ असा: जो धीर धरून अखंड आशा ठेवतो, त्याला त्याच्या हक्काच्या दाव्यात यश मिळेल. दावा कसला ते लिहिलेलं नाही. एलिझाबेथला मूल नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. मार्गारेट १५७८ मध्ये गेली. १६०३ मध्ये तिचा नातू इंग्लंडच्या गादीवर बसला.

उघड बोलली असती तर पुन्हा कैद ठरलेली. म्हणून तिने ते मिन्यात लिहून गळ्यात घातलं. पुढे १८४२ मध्ये एका लिलावात हे पदक व्हिक्टोरिया राणीने विकत घेतलं, त्यामुळे आज ते राजघराण्याच्या संग्रहात आहे.

शंकासुरजी, या बाईंना "आईने घातला, मी घातला" लागू नाही.

शंकासुर | रविवार, दुपारी ४:०२

हे एक मान्य. पदक कसलं, अर्ज आहे तो.

नुसतीच_वाचक | रविवार, दुपारी ४:३०

एक बाळबोध शंका. त्या काळच्या चित्रांत राण्यांच्या दागिन्यांतले हिरे काळे का दाखवतात? मला आधी वाटायचं नीलम असतील.

सराफकट्टा | रविवार, संध्याकाळी ७:५०

बाळबोध कसली, चांगली शंका आहे. तेव्हा हिऱ्याला आजच्यासारखे पैलू पाडत नसत. टोकदार स्फटिकाचं वरचं टोक घासून सपाट चौकोन करायचा, झालं. कोंदण मागून बंद. उजेड आत जातो तो परत येत नाही, म्हणून काळा दिसतो. मागे पन्नी घालायचे, रंग भरायचे. आपल्याकडे कुंदनात अजूनही खड्याखाली पन्नी असतेच.

आजोबांचा_चष्मा | रविवार, रात्री ८:१५

पुरवणी: बेन्वेनुतो चेल्लिनी स्वतः सोनार. त्याने १५६८ साली फ्लॉरेन्सला सोनारकामावर पुस्तक छापलं, त्यात हिऱ्याच्या पाठीला लावायच्या काजळाची कृतीच आहे. दिव्याची काजळी कशी धरायची इथपासून. पोपच्या अंगठीतल्या हिऱ्याला आपण काजळ कसं लावलं, याच्या बढायाही भरपूर आहेत. गृहस्थ नम्र नव्हता.

शंकासुर | रविवार, रात्री ११:३०

आता माझी पाळी. तुम्ही सगळे भारावलात, म्हणून जरा थंड पाणी.

जर्मनीत आखेनला राइनहोल्ड फास्टर्स नावाचा सोनार होता, १८२७ ते १९०९. चर्चच्या जुन्या सोन्या-चांदीच्या वस्तूंची डागडुजी करायचा. त्याची हजाराहून जास्त रेखाटनं तुमच्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्टने १९१९ मध्ये घेतली आणि साठ वर्षं ती कपाटात पडून होती. १९७० च्या दशकाच्या शेवटी कुणीतरी ती नीट पाहिली आणि बोंबाबोंब झाली. कारण त्यांत "प्रबोधनकाळातली" म्हणून जगभरच्या संग्रहालयांत मिरवणारी पदकं आणि पेले सुटे सुटे काढलेले होते. कुठला तुकडा कुठे बसवायचा, कुठे कुठला मीना, सूचनांसकट! न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये शिंपल्याच्या आकाराचा सोन्याचा रोस्पिल्योसी पेला चेल्लिनीच्या नावावर खपला होता, तोही फास्टर्सचाच निघाला. हे नग श्रीमंतांच्या गळ्यात मारणाऱ्यांत फ्रेडरिक श्पित्झर हा पॅरिसचा व्यापारी आघाडीवर होता असं मानतात. पॅरिसच्याच आल्फ्रेड आंद्रेच्या कारखान्यात तर अशा पदकांचे प्लास्टरचे साचे मिळाले.

गिऱ्हाइकं कोण? बँकवाले रोथशिल्ड आणि त्यांच्यासारखेच. बॅरन फर्डिनांड रोथशिल्डने १८९८ मध्ये ब्रिटिश म्युझियमला जवळपास तीनशे वस्तू ठेवल्या, त्यांतल्या बऱ्याच पदकांवर आता १९व्या शतकाचा शिक्का आहे.

आणि चिऊताई, त्या दालनात तुम्हाला कॅनिंग ज्वेल दिसला असेलच. तोही त्यातलाच.

परसदारची_चिऊ | रविवार, रात्री ११:५२

नाही!!! शंकासुर, तो माझा सगळ्यांत लाडका होता हो.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: अर्धा माणूस, अर्धा मासा. त्याची छाती आणि पोट म्हणजे एक अख्खा वेडावाकडा मोती. मोत्याचे फुगवटे बरोब्बर तिथे आहेत जिथे पहिलवानाचे स्नायू असतात. डोकं आणि हात पांढऱ्या मिन्याचे, एका हातात उगारलेलं शस्त्र, दुसऱ्यात राक्षसाच्या तोंडाची ढाल. शेपटी मिन्याची आणि हिऱ्यांची. मधे एक कोरीव माणीक, ते मात्र अगदी आपल्या बाजूचं वाटतं. तिथे मी वीस मिनिटं होते.

शंकासुर | सोमवार, सकाळी ९:१५

वाईट वाटून घेऊ नका. कथा अशी सांगत की फ्लॉरेन्सच्या मेदिची या राज्यकर्त्या घराण्याने तो मुघल बादशहाला भेट दिला आणि १८५७ नंतर पहिला व्हाइसरॉय लॉर्ड कॅनिंगने घेतला. कॅनिंगने भारतात घेतला इथवर ठीक. मेदिचींचा मात्र पुरावा नाही. आता संग्रहालय स्वतःच म्हणतं की नग १८५० ते १८६० च्या सुमाराचा असावा.

खरं-खोटं ओळखायचं कसं? एक मार्ग रसायनाचा. क्रोमियम हे मूलद्रव्यच १७९७ मध्ये सापडलं. हिरव्या मिन्यात क्रोमियम निघालं की १६व्या शतकाची गोष्ट तिथेच संपली. मूळ हिरवा तांब्याचा, सराफकट्टा यांनी वर सांगितलाच आहे. पिवळ्यात युरेनियम निघालं तरी तेच. क्ष-किरणांनी नगाला धक्का न लावता हे तपासता येतं.

सराफकट्टा | सोमवार, सकाळी १०:४०

मशीन नसेल तर आमची पद्धत: उलटा करा. पदक अंगावर वापरलं की मागचा मीना घासतो. कातडी, घाम, कपडा. तोही सगळीकडे सारखा नाही, जिथे छातीला टेकतो तिथेच. पुढून टवके उडतात ते कोपरांवर, नाकावर, उंच जागांवर. मागून झिजतं ते गुळगुळीत. चारशे वर्षांचा म्हणवणारा नग मागून काचेसारखा लख्ख असेल, तर एकतर तो कुणी घातला नाही, नाहीतर चारशे वर्षांचा नाही.

मांडवी | सोमवार, दुपारी २:०५

गोव्याहून हजेरी. कॅनिंग ज्वेलला वाळीत टाकण्याआधी त्याच्या मोत्याबद्दल दोन शब्द.

असल्या वेड्यावाकड्या मोत्याला बरोक मोती म्हणतात. हा मूळ पोर्तुगीज शब्द, बारोको. पुढे युरोपातल्या अख्ख्या कलाशैलीला जे नाव पडलं, त्याचं मूळ बहुतेक जण याच शब्दात शोधतात. आणि हा शब्द मोत्यांसाठी छापील आढळतो तो आमच्या जुन्या गोव्यात १५६३ साली छापलेल्या गार्सिया द ओर्ता यांच्या पुस्तकात. ओर्ता म्हणजे पोर्तुगीज वैद्य, मुंबई बेट ज्यांच्याकडे भाडेपट्ट्याने होतं तेच. ते लिहितात की काही मोती बारोक असतात, बेढब, गोल नसलेले, आणि "पाणी मेलेले". मोत्याचं पाणी! पोर्तुगीज माणूस शब्द पोर्तुगीज वापरतोय, पण बोलतोय आपल्या जव्हेऱ्यासारखा. मला वाटतं हे त्यांनी इथल्या बाजारातच ऐकलं असणार. हा माझा तर्क, शंकासुरांनी अंगावर येऊ नये.

त्या काळात युरोपी पदकांतला बहुतेक हिरा भारताचा, कारण ब्राझीलचा हिरा १८व्या शतकात आला. माणीक ब्रह्मदेशाचं, नीलम सिंहलद्वीपाचं. यांतलं पुष्कळसं गोव्यावरून लिस्बनला जायचं. माणसंही जायची. राऊळू शेट नावाचा गोव्याचा सोनार १६व्या शतकाच्या सुरुवातीलाच लिस्बनला राजा मानुएलच्या पदरी काम करून आला. पोर्तुगीज कागदांत त्याचं नाव राउलु शातीं असं काहीतरी करून टाकलंय.

उलट बाजूही आहे. १५७५ मध्ये अकबराने हाजी हबीबुल्लाला पैसे आणि कारागीर देऊन गोव्याला पाठवलं, तिथल्या चिजा आणा आणि हुन्नर शिकून या म्हणून. १५७७ मध्ये ही मंडळी परतली. सोन्यावरचं मीनाकाम मुघल दरबारात याच वाटेने, म्हणजे तुमच्या या युरोपी पदकांवरून, आलं असावं असं काही अभ्यासक मानतात. नंतर मुघल दागिन्यांत पुढे कुंदन आणि मागे मीना ही रीतच पडली.

सराफकट्टा | सोमवार, दुपारी २:३०

राऊळू शेट! व्वा. आमचा माणूस लिस्बनला जाऊन आला आणि आम्हाला पत्ता नाही.

टवाळ_टिकोजी | सोमवार, दुपारी २:४५

म्हणजे ऑनसाइटला गेलेला पहिला गोंयकार.

मांडवी | सोमवार, दुपारी ३:१०

हाहा. परत आला मात्र.

सराफकट्टा यांच्यासाठी आणखी एक: बार्सिलोनाच्या सोनारांच्या संघात उस्ताद व्हायचं असेल तर परीक्षा द्यावी लागे आणि आपण घडवणार त्या नगाचं चित्र वहीत काढून द्यावं लागे. त्या वह्या अजून आहेत. १६व्या शतकातल्या उमेदवारांची पदकं पानोपानी. कुणाचं चित्र सुबक, कुणाचं अगदीच यथातथा.

आणि सारागोसाच्या पिलार मातेच्या देवळात भाविकांनी वाहिलेली असली पदकं साठली होती. १८७० मध्ये देवळाने खजिन्यातले नग लिलावात काढले, तेव्हा लंडनच्या याच संग्रहालयाने त्यांतली काही घेतली. म्हणजे चिऊताई, तुम्ही बघितलेल्या एखाद्या स्पॅनिश कुत्र्या-पोपटाने दोन-तीनशे वर्षं देवीच्या पायाशी काढलेली असू शकतात.

शंकासुर | सोमवार, संध्याकाळी ६:२०

मांडवीताईंचा प्रतिसाद आवडला. अंगावर येत नाही. देवळातून निघालेल्या नगांचा एक फायदा: त्यांचा ठावठिकाणा माहीत असतो, मधे फास्टर्सला शिरायला वाव कमी.

परसदारची_चिऊ | पुढचा रविवार, दुपारी १:००

मंडळी, काल पुन्हा गेले. ह्या वेळी एकटीच.

कॅनिंग ज्वेलपुढे जाऊन उभी राहिले. खोटा म्हणून राग येईल असं वाटलं होतं, पण नाही आला. मोती तोच आहे. कुणीतरी तो हातात फिरवून फिरवून बघितला असेल आणि एका बाजूने त्याला अचानक त्यात माणसाची छाती दिसली असेल. १५८० असो की १८५५.

मग काचेला गाल लावून मागे काय दिसतं ते बघायला लागले, तर पहारेकरी काका हळूच शेजारी येऊन उभे राहिले. "काही हरवलंय का?" म्हणाले. मी म्हटलं, मागची बाजू बघतेय. ते म्हणाले, रोज इथे उभा असतो, मीही पाहिलेली नाही.

आता गंमत. हे सगळं आईला फोनवर सांगितलं. ती नुसती हूं हूं करत होती. संध्याकाळी तिचा फोटो आला. पणजीचा तन्मणी, जो मी लहानपणापासून पाहतेय, पण पुढूनच. आईने त्याचं खोड, म्हणजे मधलं पदक, उलटं करून फोटो काढलाय. मागे मीना आहे! लाल-हिरव्या वेलीवर एक पक्षी, बहुतेक पोपट, आणि त्याचं पोट झिजून नुसतं सोनं दिसतंय. पुढचे खडे कुणीतरी मधेच बदलले असावेत, ते जरा वेगळेच चमकतात. पण मागच्या बाजूला कुणी हात लावलेला दिसत नाही.

सराफकट्टा दादा, पोपट मधोमधच झिजलाय. तुम्ही सांगितलंत तसा.

सराफकट्टा | पुढचा रविवार, संध्याकाळी ५:४०

म्हणजे पणजीबाईंनी भरपूर घातला. ताई, काकूंना आत्ताच्या आत्ता सांगा, काही झालं तरी तो पॉलिशला देऊ नका. ब्रश फिरला की उरलेला मीनाही जाईल. मऊ मलमलीच्या फडक्यात गुंडाळून ठेवा.

परसदारची_चिऊ | पुढचा रविवार, संध्याकाळी ६:१५

विचारलं. आई म्हणतेय, "दिवाळीआधी दिला होता की. म्हणून तर एवढा चमकतोय."